टॉम रॉबिन्सनची हमदर्दी



शिबिराच्या संयोजकांनी मला 'पूर्वग्रह' या विषयावर बोलायला सांगितलं. मी विचारलं, नुसतं व्याख्यान देण्याऐवजी एका कादंबरीबद्दल बोललो तर चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण जेवणानंतरचं सत्र आहे, मुलं झोपतील असं बोलू नका. प्रयत्न करतो.

कादंबरीचं नाव 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. लेखिका हार्पर ली. ११ जुलै १९६० रोजी ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. त्यात वकिलाची भूमिका करणाऱ्या ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं. मॉकिंगबर्ड हा इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करत गाणारा पक्षी. तो कुणाच्या पिकाला चोच लावत नाही, म्हणून त्याला मारणं पाप, असं या गोष्टीतल्या मुलांना सांगितलं जातं.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्य आहे. तिथलं मेकोम नावाचं काल्पनिक लहान गाव, काळ १९३० नंतरच्या मंदीचा. ॲटिकस फिंच हा गोरा वकील, विधुर. त्याची दोन मुलं, जेम आणि स्काउट. गोष्ट सांगते ती स्काउट, सुरुवातीला सहा वर्षांची असलेली मुलगी. टॉम रॉबिन्सन नावाच्या एका काळ्या मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप होतो. न्यायाधीश त्याचं वकीलपत्र ॲटिकसकडे देतात. ॲटिकस आरोप खोटा असल्याचं भर कोर्टात दाखवून देतो. तरी सगळे गोरे असलेली जूरी टॉमला दोषी ठरवते. पुढे टॉम तुरुंगाच्या कुंपणावरून पळायचा प्रयत्न करतो आणि पहारेकरी त्याला गोळ्या घालतात. त्याच्या अंगावर सतरा गोळ्यांची भोकं सापडतात.

या पुस्तकाबद्दल कुणीही बोलतं तेव्हा ॲटिकसबद्दल बोलतं. त्याचं धैर्य, त्याचा त्याग. गावाने शिव्या दिल्या, तोंडावर थुंकले, मुलांच्या जिवावर बेतलं, तरी तो हटला नाही. हे सगळं खरं आहे आणि मला तो आवडतोही. पण आज मी त्याच्याबद्दल कमी बोलणार आहे. मला बोलायचंय टॉमबद्दल, आणि टॉमने केलेल्या एका गोष्टीबद्दल, जिला त्या गावात त्याग म्हणायला कुणी तयार नव्हतं.

टॉम पंचवीस वर्षांचा आहे. बायको हेलन, तीन मुलं. लहान असताना त्याचा डावा हात जिनिंगच्या यंत्रात सापडला. आपल्याकडे विदर्भ-खानदेशातल्या मुलांना जिन म्हणजे काय ते सांगायला नको. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. तो हात उजव्यापेक्षा जवळजवळ फूटभर आखूड झाला आहे आणि निकामी आहे. कोर्टात शपथ घेताना बायबलवर ठेवलेला तो हात घसरून खाली पडतो.

कामावर जाता-येता त्याची वाट युएलच्या घरावरून जाते. युएल म्हणजे गावाच्या उकिरड्यालगत राहणारं गोरं कुटुंब. बाप दारुडा, सरकारी मदतीचे पैसे दारूत घालवतो. आई मेलेली. मेयेला एकोणीस वर्षांची, सगळ्यांत मोठी. खालची सगळी भावंडं तिच्या गळ्यात. ती टॉमला अधूनमधून हाक मारते. जरा लाकूड फोडून दे, पाणी आणून दे, हे जुनं कपाट मोडून दे. तो देतो. ती एकदा पाच सेंटचं नाणं पुढे करते, तो घेत नाही. त्याच्या लक्षात आलेलं असतं की या घरात नाण्यांची चणचण आहे, आणि या मुलीला मदत करणारं दुसरं कुणी नाही.

आता हे चित्र नीट बघा. एका हाताचा मजूर दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून घरी चाललाय. घरी तीन लहान मुलं आहेत. आणि तो एका अशा घरी थांबून फुकट लाकडं फोडतो, ज्या घरचा बाप त्याला माणूस मानत नाही. याला काय म्हणायचं? हे जर उलट घडलं असतं, गोऱ्या माणसाने काळ्या घरी जाऊन लाकडं फोडून दिली असती, तर चर्चमध्ये त्याचं कौतुक झालं असतं. टॉमच्या बाबतीत ते आरोपाचा पुरावा ठरलं.

कोर्टातला उलटतपासणीचा प्रसंग हा पुस्तकाचा कणा आहे असं मला वाटतं. सरकारी वकील गिल्मर टॉमला खोदून खोदून विचारतो, की तू या मुलीची कामं फुकट का करत होतास? टॉम आधी टाळतो. मग सांगून टाकतो, की मला तिच्याबद्दल वाईट वाटायचं. बाकीच्यांपेक्षा ती जास्त कष्ट करते असं दिसत होतं. गिल्मर ते वाक्य उचलतो आणि जूरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला परत विचारतो: तुला? तिच्याबद्दल? आणि कोर्टात बसलेल्यांना कळतं की हा संपला.

बलात्काराचा आरोप तोवर मोडून पडलेला असतो. मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलेला, म्हणजे मारणारा डावखुरा असण्याची शक्यता जास्त. टॉमचा डावा हात निकामी. मेयेलाचा बाप मात्र डाव्या हाताने सही करतो, तीही सगळ्यांसमोर. डॉक्टरला कुणी बोलावलेलंच नाही. पुराव्याने टॉम सुटलेला आहे. त्याला बुडवलं ते या एका वाक्याने. काळ्या माणसाला गोऱ्या बाईबद्दल वाईट वाटलं, याचा अर्थ तो क्षणभर तिच्यापेक्षा वर उभा राहिला. युएल कुटुंबाकडे ना जमीन, ना अब्रू, ना अक्षर. त्यांच्याकडे एकच मालमत्ता होती: आपण काळे नाही. टॉमने लाकडं फोडून दिली आणि नाणं नाकारलं, तेव्हा त्याने नकळत त्या एकुलत्या एक मालमत्तेला हात लावला.

इथे मला एका शब्दावर थांबायचंय. इंग्रजीत टॉम जे म्हणतो ते आपल्या भाषेत आणायचं तर कोणता शब्द घ्यायचा? मराठीत 'कीव' आहे, 'दया' आहे. आपल्या घरांत 'तरस', 'रहम' आणि 'हमदर्दी' आहे. कीव आणि तरस वरून खाली बघतात. दयासुद्धा, दया करणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं लागतं, न करण्याची मुभा असावी लागते. रहम तर आपण मागतोच वरच्याकडे. हमदर्दी वेगळी. 'हमदर्द' म्हटलं की आपल्याला आधी रूहअफ़जाची बाटली आठवते, पण मूळ शब्द साधा आहे. 'हम' म्हणजे सोबतचा, 'दर्द' म्हणजे दुःख. ज्याचं दुःख आपल्या दुःखासोबत बसलेलं आहे तो. टॉम जे सांगत होता ते हमदर्दीच्या जवळचं होतं: ही मुलगी माझ्यासारखीच राबते, माझ्यासारखीच एकटी पडली आहे. गिल्मरने ते ऐकलं कीव म्हणून. जूरीनेही तेच ऐकलं. ज्या गावात माणसं समपातळीवर उभी राहूच शकत नाहीत, तिथे हमदर्दी ऐकूच येत नाही.

मेयेलाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर आपणही गिल्मरसारखेच होऊ. मैत्रिणींना विशेष सांगतो: हे पुस्तक 'बायका खोटे आरोप करतात' असं म्हणण्यासाठी जो कुणी वापरेल, त्याने ते वाचलेलं नाही असं खुशाल समजा. मेयेलाच्या त्या उकिरड्यावरच्या अंगणात फुटक्या भांड्यांतून लाल जिरेनियमची झाडं आहेत, नीट पाणी घातलेली. सगळ्या भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवता यावं म्हणून तिने वर्षभर एकेक नाणं साठवलेलं असतं. कोर्टात ॲटिकस तिला अदबीने 'मिस' म्हणतो, तर तिला वाटतं हा माझी टर उडवतोय, कारण आयुष्यात तिच्याशी कुणी असं बोललेलंच नाही. बाप तिला मारतो, आणि टॉमच्या साक्षीतून असा इशारा मिळतो की मारण्याहून वाईटही काही करत असावा. त्या संध्याकाळी तिने टॉमला जवळ ओढलं, खिडकीतून बापाने पाहिलं. आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. बापाचं नाव घ्यायचं, किंवा टॉमचं. पहिली वाट घेतली तर तिला त्याच घरात परत जायचं होतं. तिने टॉमचा बळी दिला. ती दोषी आहेच. पण त्या कोर्टात तिला खरं विचारणारं, खरं बोलल्यावर सांभाळणारं कुणीही नव्हतं, हेही आहेच.

मेकोममधले लोक वाईट आहेत का? बहुतेक जण नाहीत. शेजारधर्म पाळतात, आग लागली की धावतात, कुणी आजारी असलं की डबा देतात. पूर्वग्रह त्यांच्यात दात विचकत फिरत नाही. तो रीतभात म्हणून वावरतो. ली यांनी दोन प्रसंग असे लिहिले आहेत की हसू येतं आणि मग घशात अडकतं. स्काउटच्या आत्याकडे चर्चच्या बायकांचं मंडळ जमतं. आफ्रिकेतल्या एका जमातीच्या दैन्याबद्दल बायकांचे डोळे पाणावतात. त्याच बैठकीत, त्याच तोंडाने, त्या आपापल्या घरच्या काळ्या स्वयंपाकिणींबद्दल कुरकुर करतात, की टॉमच्या खटल्यापासून या तोंड पाडून काम करताहेत. दुसरा प्रसंग शाळेतला. बाई वर्गात हिटलरबद्दल शिकवतात. ज्यूंचा छळ किती वाईट, आपल्याकडे लोकशाही आहे, आपण कुणाचा छळ करत नाही. स्काउटला आठवतं की याच बाई कोर्टातून बाहेर पडताना म्हणत होत्या, की या काळ्यांना धडा मिळायलाच हवा होता. ती घरी येऊन भावाला विचारते, हिटलरचा इतका राग करणारं माणूस आपल्याच गावातल्यांशी असं कसं वागू शकतं? भाऊ चिडतो. उत्तर त्याच्याकडेही नसतं.

दूरच्या पीडितासाठी रडणं सोपं असतं. तो आपल्याकडे पगारवाढ मागत नाही. आपणही पॅलेस्टाइनच्या मुलांसाठी रडतो, आणि रडलंच पाहिजे. पण आपल्याच मोहल्ल्यात लग्न जुळवताना बिरादरी बघतो, मुलगी सावळी असली की आवाज खाली करून बोलतो, आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवतो. हे मी टोचायला म्हणत नाही. ते मंडळ आपल्याला कसं दिसेल ते सांगतोय.

आता त्यागाचा हिशेब मांडू. ॲटिकसने काय गमावलं? गावातल्या काही लोकांचा लोभ, काही रात्रींची झोप, आणि शेवटी मुलं मरता मरता वाचली. हे थोडं नाही. पण पुस्तकात एक बारीक वाक्य आहे, वाचणारे सहसा ओलांडून जातात. त्याच वर्षी ॲटिकस नेहमीप्रमाणे राज्याच्या विधिमंडळावर बिनविरोध निवडून जातो. म्हणजे गावाने शिव्या दिल्या आणि मतंही दिली. तो त्यांचाच होता.

दुसरी बाजू बघा. खटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ॲटिकसच्या स्वयंपाकघरापाशी खाण्याचा ढीग लागलेला असतो. डुकराचं मांस, टोमॅटो, शेंगा, कोंबडी. काळ्या वस्तीने पाठवलेलं. ॲटिकसचे डोळे भरून येतात, तो कॅलपर्नियाला सांगतो की त्यांना म्हणावं पुन्हा असं करू नका, दिवस वाईट आहेत. त्याआधी, टॉम कोठडीत असताना, त्यांच्या चर्चमध्ये हेलनसाठी वर्गणी होते. दहा डॉलर हवे असतात, जमत नाहीत. पाद्री चक्क दार लावून घेतो आणि दहा पुरे होईपर्यंत कुणाला बाहेर सोडत नाही. हसू येतं, पण हेलनला नवऱ्यावरच्या आरोपामुळे कुणी काम देत नाहीये, आणि घरी तीन मुलं आहेत. गावाच्या इतिहासात या दहा डॉलरांची नोंद होणार नाही. ॲटिकसच्या भाषणाची होईल.

कॅलपर्निया ही फिंचांच्या घरची काळी स्वयंपाकीण. मुलांना तिनेच वाढवलंय. स्काउट एकदा तिच्याबरोबर तिच्या चर्चला जाते आणि चकित होते: कॅलपर्निया घरी नीट व्याकरणशुद्ध बोलते आणि इथे मात्र यांच्यासारखं! तिला दोन भाषा येतात हे मुलीला माहीतच नव्हतं. घरी दखनी आणि कॉलेजात प्रमाण मराठी बोलणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ही कॅलपर्निया लगेच कळेल. तिला स्वतःचा मुलगा आहे, त्याला तिने स्वतः शिकवलंय. पण पुस्तकभर ती दुसऱ्यांचीच मुलं सांभाळताना दिसते. याला त्याग म्हणायचं की नोकरी, हे ठरवायचा अधिकार तिला नाही. ली यांनीही तो तिला दिलेला नाही. माझ्या मते ही पुस्तकाची मर्यादा आहे. काळ्या माणसांचं मन आपल्याला नेहमी गोऱ्या मुलीच्या डोळ्यांतून दिसतं.

२०१५ मध्ये लीचं दुसरं पुस्तक आलं, 'गो सेट अ वॉचमन'. ते लिहिलं गेलं होतं 'मॉकिंगबर्ड'च्या आधी, १९५०च्या दशकात. त्यात म्हातारा ॲटिकस काळ्यांना समान हक्क देण्याच्या विरोधात जमलेल्या गोऱ्यांच्या सभेत बसलेला आहे. जगभर वाचकांना धक्का बसला, काहींनी मुलाचं नाव ॲटिकस ठेवल्याचा पश्चात्ताप केला. मला तेवढा धक्का बसला नाही. कोर्टात एका निरपराध माणसाला वाचवावं असं वाटणं आणि तोच माणूस उद्या आपल्या शेजारी बाकावर बसावा असं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला सज्जनपणा पुरतो.

ली यांनी हे गाव हवेतून काढलं नव्हतं. त्या मूळच्या अलाबामातल्या मन्रोव्हिल गावच्या. वडील वकील. त्यांनी १९१९ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या दोन काळ्या माणसांचा बचाव केला होता. दोघांनाही फाशी झाली. आणि ली पाच वर्षांची असण्याच्या आसपास, मार्च १९३१ मध्ये, त्याच राज्यात स्कॉट्सबरो प्रकरण घडलं. मालगाडीतून फुकट प्रवास करणारी नऊ काळी पोरं पकडली गेली. सर्वांत लहान जेमतेम तेरा वर्षांचा. दोन गोऱ्या बायकांनी बलात्काराचा आरोप केला. काही आठवड्यांत नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड. पुढे त्या दोघींपैकी एकीने कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरीही जूरीने पुन्हा दोषी ठरवलं.

या प्रकरणात खराखुरा ॲटिकस भेटतो, आणि तो वकील नव्हे, न्यायाधीश आहे: जेम्स हॉर्टन. दक्षिणेतलाच गोरा माणूस. १९३३ मध्ये त्याने हेवूड पॅटरसन या आरोपीविरुद्धचा जूरीचा निकाल रद्द केला, कारण पुरावा आरोपाला आधार देत नव्हता. पुढच्या वर्षी निवडणुकीत तो हरला. तिथे न्यायाधीश निवडून येतात. त्याची न्यायाधीश म्हणून कारकीर्द संपली. कादंबरीतला ॲटिकस बिनविरोध निवडून आला. खऱ्या आयुष्यातला पडला. पण हा हिशेबही इथे थांबवता येत नाही. हॉर्टननंतर दुसरा न्यायाधीश आला आणि पॅटरसन पुन्हा दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने दोनदा हस्तक्षेप केला, १९३२ आणि १९३५ मध्ये. नऊ जणांपैकी कुणाला फाशी झाली नाही, पण त्यांची तरुणपणाची वर्षं तुरुंगात गेली. शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी मिळाली ती २०१३ मध्ये. माफी, हा शब्द बघा. जे केलंच नव्हतं त्याची.

अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या या त्यागाशी मराठीचं एक जुनं नातं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्यात त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष, आत्मत्यागी वृत्तीचा त्यात गौरव आहे, आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं अशी आशा आहे. पुण्यात बसून एका माळ्याच्या मुलाने अलाबामा-मिसिसिपीकडे असं बघितलं, हे मला नेहमी थरारक वाटतं. पण अर्पणपत्रिका वाचून पुस्तक मिटू नका. आत पुस्तकभर फुले वरच्यांच्या दयेची वाट बघत बसलेले नाहीत. आत बोलतो तो राबणारा माणूस, आणि तो हिशेब मागतो. अर्पणपत्रिका ॲटिकसला आहे असं म्हणू या. पुस्तक टॉमने लिहिलेलं आहे. 'मॉकिंगबर्ड'मध्ये हेच राहून गेलं.

आता आणखी एक पात्र, बू रॅडली. फिंचांच्या शेजारचा गोरा माणूस, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला. शेवटी मेयेलाचा बाप अंधारात ॲटिकसच्या मुलांवर सुरीने हल्ला करतो, तेव्हा हाच बू बाहेर येऊन मुलांना वाचवतो आणि त्यात युएल मरतो. शेरीफ ठरवतो: युएल स्वतःच्याच सुरीवर पडला. चौकशी नको, खटला नको. या लाजाळू माणसाला उजेडात ओढणं म्हणजे पापच. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं. पण मग दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. टॉमने शेजारच्या मुलीची लाकडं फोडली, बूने शेजारच्या मुलांसाठी जीव धोक्यात घातला. दोघेही मॉकिंगबर्ड. कायद्याला एकासाठी डोळे मिटता आले. दुसऱ्यासाठी डोळे उघडे ठेवूनही खरं दिसलं नाही.

शिवाय टॉमला निष्पाप असूनही पुरेसं निष्पाप ठरता आलं नाही. त्याचा मालक लिंक डीस कोर्टात मध्येच उभा राहून ओरडतो, की हा आठ वर्षं माझ्याकडे आहे, कधी काही त्रास नाही. न्यायाधीश त्याला बाहेर काढतात. डीस भला माणूस आहे. पण त्याचा युक्तिवाद तुम्हाला ओळखीचा वाटत नाही का? 'हा त्यांच्यातला असला तरी चांगला आहे हो.' 'तू तसा वाटत नाहीस.' आपल्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य कौतुक म्हणून ऐकलेलं आहे. घरचेही आपल्याला तेच शिकवतात: इतकं चांगलं वाग की कुणाला बोट दाखवता येऊ नये. टॉम तसाच वागला होता.

याच गोष्टीसाठी मला शेवटी मन्रोव्हिलला परत जायचंय. त्या गावाला आपल्या लेखिकेचा मोठा अभिमान आहे. जुन्या कोर्टाचं संग्रहालय झालंय. दरवर्षी वसंतात गावकरी कादंबरीचं नाटक करतात, आणि खटल्याचा प्रवेश त्या कोर्टाच्या दालनातच होतो. जूरी प्रेक्षकांमधून निवडतात. लांबून पर्यटक येतात.

याच गावात १९८६ मध्ये एका लाँड्रीच्या दुकानात एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. बरेच महिने कुणी सापडेना. मग १९८७ मध्ये वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला अटक झाली. तो टॉमसारखा निष्कलंक नव्हता. लग्न झालेलं असून त्याचे एका गोऱ्या स्त्रीशी संबंध होते, आणि गावाला ते माहीत होतं. खुनाच्या वेळी तो स्वतःच्या घरी होता. त्या दिवशी घरी चर्चसाठी पैसे जमवायला मासे तळून विकत होते, डझनावारी माणसं ये-जा करत होती. ती सगळी काळी माणसं होती. खटला उभा राहण्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत नेऊन ठेवलं. खटला चालला जेमतेम दीड दिवस. जूरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या तरुण काळ्या वकिलाने लढून त्याला सोडवलं ते १९९३ मध्ये. सहा वर्षांनी. स्टीव्हन्सनच्या 'जस्ट मर्सी' या पुस्तकात ते सगळं आहे, त्यावर चित्रपटही आहे. इंग्रजी जमत असेल तर 'मॉकिंगबर्ड'च्या लगोलग वाचा.

मॅकमिलियनच्या घरी त्या दिवशी जमलेल्या लोकांचा मी पुष्कळदा विचार करतो. चर्चसाठी मासे तळायला आलेले, खिशातली चिल्लर टाकून बशी घेणारे. टॉमच्या हेलनसाठी दार लावून दहा डॉलर जमवणाऱ्यांची ही नातवंडं म्हणा. खून झाला तेव्हा तो आमच्यासोबत होता, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते सांगतही होते.

बस, इतकंच. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.